तीन नंबरच्या मशीनवरची माझी मांडणी

लिहायला बसलोय खरा, पण माफ करा. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. लोकांनी वाचावं असं माझ्याकडे काही आहे, असं मला वाटत नाही. तरी एक गोष्ट मनातून जात नाही.

अकरावीच्या सुट्टीत कॅम्प चार भागातल्या जीन्स शिवायच्या कारखान्यात कामाला असताना माझ्या उजव्या करंगळीत सुई आरपार गेली. तेव्हापासून ती नीट वाकत नाही. पुढे कॉलेजचे प्रकल्प टाइप करता यावेत म्हणून बदलापूरला मराठी टायपिंगचा क्लास लावला, तर च, ज, य ही अक्षरं नेमकी त्याच करंगळीच्या वाट्याला. तासाभरात हात कोपरापर्यंत ठणकायचा. मग इंटरनेटवर शोधून मी क्लासातल्या तीन नंबरच्या मशीनवर, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर, कीबोर्डची स्वतःची मांडणी बनवली, ती अक्षरं डाव्या हाताकडे नेली. सरांना विचारलं नाही. निघताना मूळ मांडणी परत लावायची, असं ठरवलं होतं. पहिले काही दिवस लावलीही. नंतर विसरत गेलो.

माझ्यानंतरच्या बॅचला त्याच मशीनवर सोनिवलीच्या एक ताई बसायच्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या. क्लार्कच्या जागेसाठी त्यांना टायपिंगचं सर्टिफिकेट हवं होतं, आणि वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी होती. आमचे सर पहिल्या दिवसापासून हातांवर रुमाल टाकतात, कीबोर्ड दिसू नये म्हणून. ताई चाचपडत शिकल्या.

एकदा माझा तास संपल्यावर मी थोडा वेळ थांबलो, तेव्हा दिसलं.

"ताई, य डाव्या हातानं?"

"मग कुठल्या? या मशीनीत तिथंच हाय ना."

"भिंतीवरच्या तक्त्यात उजवीकडे आहे."

"तक्ता जुना असंल म्हटलं. सरांना विचारलं असतं तर म्हणाले असते, ताई, तुम्ही आपली पोरंच सांभाळा."

मी खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या. "वा रे दादा! तुझ्या एका करंगळीपायी माझी दहाच्या दहा बिघडली की!" मग रुमाल बाजूला करून स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. परीक्षेला अकरा दिवस उरले होते, आणि तिथे तक्त्यातलीच मांडणी असणार होती.

मांडणी मी तिथल्या तिथे पूर्ववत केली. सरांना सगळं सांगितलं, त्यांची बोलणी ऐकून घेतली. माझा तासही ताईंना दिला. रोज दोन तास त्या बसायच्या. मी बाहेर बाकावर थांबायचो.

"डोक्याला कळतं रे," एकदा बाहेर येऊन म्हणाल्या, "पण बोटं डावीकडंच पळतात."

परीक्षेनंतर मी क्लासला गेलो नाही. निकालाचं कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. परवा अंबरनाथला कॉलेजच्या गेटवर फोन वाजला. ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. मागे अंगणवाडीतल्या पोरांचा गलका.

"दादा, निकाल लागला. टायपिंग वेळेत झालं होतं, पण चुका लई निघाल्या. नापास. तुझं बोट कसं हाय आता?"