मास्तरांचा पडताळा

कोर्टाच्या व्हरांड्यात माझ्या शेजारच्या टेबलावर जे टायपिस्ट बसायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत शिकवायला ते आयुष्यात कधी गेले नव्हते. वकिलांचे कच्चे मसुदे टाइप करता करता ते गुपचूप दुरुस्त करत, म्हणून हे नाव पडलं. राहून गेलेली तारीख, भलतंच कलम, वादीच्या जागी बसवलेला प्रतिवादी, सगळं त्यांच्या हातून सरळ होऊन बाहेर पडे. मग वकीलमंडळी त्यावर सही ठोकून न्यायाधीशांपुढे ऐटीत उभी राहत.

आमच्या दोघांची एक रीत होती. एकाने टाइप केलेला कागद दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा, आणि पहिल्याने मूळ मसुद्यावर बोट फिरवत ऐकायचं. शेवटी त्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कागद सहीला जात नसे. याला आम्ही पडताळा म्हणायचो.

रोजच्या रोज दुसऱ्यांच्या चुका निस्तरून मास्तरांचं मत पक्कं झालं होतं, की आपल्या गावच्या लॉ कॉलेजात काडीचं शिकवत नाहीत. तिथले वर्ग संध्याकाळी भरत आणि शिकवायला याच कोर्टातले वकील असत. मास्तरांच्या मुलीला या कॉलेजातही प्रवेश मिळाला होता आणि दूरच्या शहरातल्या नामांकित कॉलेजातही. घरात बाप-लेक दोघंच. आई ती लहान असतानाच गेलेली.

मी म्हटलं, “मास्तर, इथे दुसऱ्या वर्षापासून पोरं वकिलांच्या मागे फिरतात. पास होईपर्यंत बसायला खुर्ची तयार असते.”

“बॅगा उचलायला नाही शिकवत मी तिला,” ते म्हणाले.

तेव्हा भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

पोरगी त्या दूरच्या कॉलेजात पाच वर्षं शिकली, चांगल्या मार्कांनी पास झाली. त्याच शहरातल्या वकिलांच्या एका मोठ्या ऑफिसात मुलाखतीला गेली. तिथे कायद्याचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “घरी कोण असतं? परत जायचा विचार आहे का?” ती खरं बोलली. बाबा एकटेच असतात, कधीतरी जावंच लागेल, म्हणाली. ऑफिसने तिच्याहून कमी मार्कांचा, पण त्याच शहरातला मुलगा घेतला. आमचा माणूस टिकला पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

ती घरी आली. मास्तरांना मनातून आनंदच झाला होता. डोळे अधू होत चालले होते, त्यात लेक जवळ राहणार म्हटल्यावर ते आठवडाभर शीळ घालत टाइप करत होते. ज्यांचे मसुदे त्यांनी सव्वीस वर्षं दुरुस्त केले, त्या वकीलसाहेबांकडे ते मुलीसाठी शब्द टाकायला गेले. मीही सोबत होतो.

“मुलगी हुशार आहे, वादच नाही,” साहेब म्हणाले. “माझ्या वर्गात असती तर न विचारता खुर्ची दिली असती. आता ज्याला घेतलाय तो तीन वर्षं माझ्यापुढे बसलाय. न्यायाधीश त्याला ओळखतात, पक्षकार ओळखतात. तुमच्या मुलीला इथे कोण ओळखतं?”

“मला ओळखता की,” मास्तर म्हणाले.

साहेब हसले. “तुम्हाला कोण ओळखत नाही?” म्हणत त्यांनी त्या नव्या ज्युनिअरचा मसुदा मास्तरांच्या हातात दिला. “जरा बघून टाका. नवीन आहे.”

बाहेर आल्यावर माझं डोकं फिरलं होतं. “जसाच्या तसा टाइप करून टाका,” मी म्हटलं. “होऊ दे शोभा.”

मास्तरांनी दोन तारखा आणि एक कलम दुरुस्त केलं. “घर जायचं त्या पक्षकार बाईचं,” ते म्हणाले. “तिने काय केलंय?”

त्यानंतर पोरगी आठ महिने या दारातून त्या दारात फिरली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. हिचं तर पीकही दुसऱ्याच्या रानात आलेलं. शेवटी कॉलेजच्या त्याच शहरातल्या दुसऱ्या ऑफिसचा अर्ज आला. त्यात एक रकाना होता: मूळ गावी कोण असते, परत जाण्याची शक्यता किती. तिथे तिचं पेन अडलं.

“मी खोटं नाही लिहिणार, बाबा.”

“तू नको लिहू. मी टाइप करतो.”

टाइप करून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. पडताळा. पोरगी आमच्याकडे पाठ करून नोटीस बोर्ड वाचत उभी राहिली. मी नाव वाचलं, मार्क वाचले, आणि त्या रकान्याशी आलो. “मूळ गावी जवळचे कोणी नाही. परत जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही.” मास्तरांच्या पुढ्यात मूळ मसुदा नव्हताच, तरी त्यांचं बोट टेबलावर फिरत होतं.

“बरोबर,” ते म्हणाले, आणि त्यांनी लेकीला सहीला बोलावलं.

नोकरी मिळाली. मास्तरांनी व्हरांडाभर सांगितलं. फोन रविवारी यायचा. दोन वर्षांत ती एकदाच आली, तेही ऑफिसात कुणाला न सांगता, सुट्टीला जोडून. मास्तरांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मीच सोबत गेलो.

गेल्या महिन्यात मास्तर सकाळी टेबलावर आले नाहीत. घरी जाऊन पाहिलं तर झोपेतच गेले होते. मी तिला ऑफिसात फोन लावला आणि सांगितलं. मग अगदी हळू आवाजात तिने विचारलं, “काका, रजेच्या अर्जात कारण काय लिहू?”

चाळीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करतोय. ‘मूळ गावी जवळचे कोणी नाही’ हे मीच मोठ्याने वाचलं होतं.