अमेरिकेचा इतिहास : पाककृती, भाग सात

“अहो, ते खाली ठेवा आधी. खाली ठेवा म्हणते ना!”

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, एका अमेरिकन माणसाच्या दिवाणखान्यात, तीस पाहुण्यांच्या देखत बायकोने ज्याच्यावर मराठीतून आवाज चढवला, असा जगाच्या इतिहासात मी एकटाच असेन. जुलै एक्क्याण्णव. कुवेतचं सालमिया. बाहेर तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या, दुपारी चारला दिवे लावावे लागत होते. माझ्या एका हातात खाकी कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक, दुसऱ्या हातात केक कापायची सुरी. दारात माझी बायको सुनंदा, ड्यूटीवरून थेट आलेली, पांढऱ्या गणवेशात. सुनंदा स्टाफ नर्स आहे. बावीस खाटांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवरच्या पेशंटला ती जागेवरून दम देते. तो आवाज मी ऐकला नाही असं म्हणणं शक्य नव्हतं. तरी मी तो ऐकला नाही.

पण मुळात हा सगळा भडका उडाला तो वॉल्टरसाहेबांमुळे, आणि त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

वॉल्टर आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. इंजिनिअर. आपण दसऱ्याला पाटीपूजन करतो ना, तसं हा दर चार जुलैला टेबलावर झेंडा अंथरून आपली अमेरिकन इतिहासाची आवडती पुस्तकं मांडायचा. येणाऱ्याने एकेका पुस्तकाबद्दल चार शब्द बोलायचे, मग केक. नव्वद सालच्या जुलैत त्याने मला विचारलं, “मिस्टर बापट, अमेरिकेच्या इतिहासात तुम्हाला काय आवडतं?”

मी क्ष-किरण तंत्रज्ञ. माणसाच्या आत काय आहे ते मी सांगू शकतो, अमेरिकेच्या आत काय आहे ते मला काय माहीत? पण गप्प बसणं हा रोग आमच्या घराण्यात नाही. म्हटलं, “सगळंच. लहानपणापासून वाचतोय. फक्त ते करापायी चहा समुद्रात ओतल्याचं तेवढं मला पटत नाही. करावर राग असेल तर कर वसूल करणाऱ्याला ओतावं, चहाने काय घोडं मारलं होतं?”

वॉल्टरचे डोळे भरून आले. असा अभ्यासू भारतीय त्याला आयुष्यात भेटला नव्हता म्हणे. त्याने टेबलावरची पाचच्या पाच पुस्तकं माझ्या हातांत घातली. सगळ्यात जाड होतं ते स्वातंत्र्ययुद्धावरचं, त्याच्या वडिलांनी सही करून दिलेलं. म्हणाला, “पुढच्या चार जुलैला तुम्ही बोलायचं. वर्षभर आहे तुमच्याकडे.” आणि हा गृहस्थ रजेवर मायदेशी निघून गेला.

महिना झाला नाही तोच इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं.

आता बघा. वॉल्टर तिकडे थंड हवेत आंघोळी करतोय आणि माझ्या घरात, टीव्हीच्या वर, पाच अमेरिकन पुस्तकं. एकेकाच्या अंगावर झेंडा, गरुड, तोफा. घरोघर अमेरिकन माणसांचा शोध चाललेला. आमची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत मिरजेला आजीकडे गेली होती, तेवढी एक देवाची कृपा. सगळे भारतीय बसने अम्मानकडे निघाले होते. पण सुनंदा म्हणाली, “वॉर्डातले पेशंट टाकून मी येणार नाही. तुम्ही जा.” असं बायकोने सांगितल्यावर कुठला नवरा जाईल? (जाणारे बरेच गेले. पण त्यांच्या बायका असं मनापासून सांगत नव्हत्या.)

“ती पुस्तकं खाली कचऱ्यात टाकून या,” ऑक्टोबर लागताच सुनंदा म्हणाली.

“कचरा ते उपसून बघतात. आणि वडिलांची सही आहे गं त्यावर.”

“तुमच्या वडिलांची आहे का?”

मला राग आला, आणि रागात मला नेहमी कल्पना सुचतात. शाळेत असताना जूनमध्ये आम्ही काय करायचो? पुस्तकांना खाकी कव्हरं घालायचो! खाकी कव्हरात भूगोल कुठला आणि गणित कुठलं, हे मास्तरांनाही कळायचं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या इस्माइलभाईंकडून बिस्किटांच्या खोक्यांतला खाकी कागद आणला. इस्माइलभाई रत्नागिरीकडचे. ते म्हणाले, “साहेब, लोक माझ्याकडं तांदूळ मागतायत, नि तुम्ही कागद?” डिंक मिळेना, म्हणून मी मैद्याची खळ शिजवली.

इथे सुनंदाचा पहिला स्फोट झाला. पाच-पाच तास रांगेत उभं राहून एखादा खुबूस, म्हणजे अरबी रोट, मिळायचा ते दिवस, आणि मी वाटीभर मैद्याची खळ केली होती.

“उद्या जेवायला काय वाढू? कव्हर?”

मी दुर्लक्ष केलं. पाचच पुस्तकांना कव्हरं घातली तर संशय येणार, म्हणून घरातली आमची आठ पुस्तकंही घेतली. दुसऱ्या दिवशी सुनंदा ड्यूटीवर असताना तिची वहीसुद्धा घेतली. ती वही म्हणजे तिचा जीव. अतिदक्षता विभागाच्या परीक्षेसाठी चार वर्षं रात्रपाळ्यांतून काढलेल्या नोट्स. चांगली वीतभर जाड, कणा फाटला म्हणून दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी लावलेली. तीही खाकी केली. मागचं कुठलं, पुढचं कुठलं, हे खळीच्या भरात राहिलं. मग चौदाही कव्हरांवर चिठ्ठ्या डकवून मराठीत लिहिलं : ‘पाककृती, भाग १’ ते ‘पाककृती, भाग १४’. कुठल्या भागात काय आहे त्याची यादी केली आणि ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून एका भागात आत सारून वरून कव्हर चिकटवून टाकलं. खळ इतकी घट्ट झाली होती की वाळल्यावर एकही पुस्तक उघडेना. माझ्या मते ही सुरक्षिततेची दुसरी पायरी होती.

घरी आल्यावर सुनंदाने खाकी रांग पाहिली. “माझी वही यात आहे?”

“सुरक्षित आहे.”

“कुठली?”

“यादीत आहे.”

“यादी कुठे आहे?”

“सुरक्षित आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं त्याला नजर म्हणत नाहीत. ती जखम धुताना बघतात तसं बघणं होतं.

तिसऱ्या दिवशी दार ठोठावलं गेलं. दोन सैनिक. एक तरणा, बंदूक घेऊन दारातच थांबला. दुसरा पन्नाशीचा, आठवडाभर न झोपल्यासारखा. तो आत आला, टीव्हीच्या वरची रांग बघून म्हणाला, “हे काय?”

माझी अरबी दुकानापुरती. “तबीख,” म्हटलं. स्वयंपाक. “तबीख हिंदी.” म्हणजे भारतीय.

त्याचा चेहरा एकदम फुलला. “बिर्यानी?”

“बिर्यानी,” मी म्हणालो. त्या क्षणी त्याने पुरणपोळी विचारली असती तरी मी हो म्हणालो असतो.

त्याने हात पुढे केला. बायकोसाठी हवं होतं, बसऱ्याला. मी त्या चौदा चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि चौदाही माझ्याकडे अनोळखी माणसासारख्या पाहू लागल्या. हात आपोआप भाग सातवर गेला. त्याने तो शर्टाच्या आत घातला, शुक्रन म्हणाला, आणि जाताना आमचा टेबलफॅनही घेऊन गेला. (त्या फॅनचा राग वेगळा आहे. तो इथे मिसळत नाही.)

दार लागलं. सुनंदा थंड आवाजात म्हणाली, “त्याला काय दिलंत?”

“अमेरिकेचा इतिहास. छे, वाचलो.”

“कशावरून?”

“यादी बघ की.”

“यादी कुठे आहे?”

तेव्हा मला आठवलं. यादी भाग सातात होती.

भीतीने माझी अशी दाणादाण उडाली की सुनंदा रात्रपाळीला निघाल्याबरोबर मी उरलेले तेरा भाग तांदळाच्या पोत्यात भरून इस्माइलभाईंच्या खैतान भागातल्या गोदामात टाकून आलो. गोदामाला कुलूप लागलं आणि दोन दिवसांत इस्माइलभाई किल्ली कमरेला लावून अम्मानमार्गे रत्नागिरीला. ते परतले थेट जूनअखेर!

नऊ महिने. नऊ महिने माझी बायको माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. “मीठ.” “मेणबत्ती.” “पाणी उकळा.” परीक्षा आता येत्या सप्टेंबरमध्ये नव्याने लागली होती, आणि तिच्या चार वर्षांच्या नोट्स पाहून बसऱ्यात कुणी बाई बिर्यानी करतेय अशी तिची खात्री होती. “हृदयविकाराचं प्रकरण वाचून तांदूळ शिजवत असेल बिचारी,” असं एकदा ती स्वयंपाकघरातल्या भिंतीला म्हणाली. मला नव्हे.

आणि मग वॉल्टर आला! गुलाबी, टवटवीत, विहिरी विझवणाऱ्यांच्या बरोबर. “मिस्टर बापट, चार जुलै. लक्षात आहे ना?”

पोतं चार जुलैच्या दुपारी इस्माइलभाईंच्या गाडीतून थेट वॉल्टरच्या घरी आलं. मी तेरा भाग झेंड्यावर मांडले. आधी उघडून बघावं की नाही? पण मला सोहळा हवा होता. सगळ्यात जाड भाग उचलला, कारण वडिलांच्या सहीचं तेच. पाहुण्यांना म्हटलं, “ज्या देशात हे पुस्तक घरात असणं धोक्याचं होतं, तिथे मी ते जिवापाड जपलं.” टाळ्या. मी केकची सुरी उचलली. आणि दारातून आलं ते : “अहो, ते खाली ठेवा आधी!”

कव्हराच्या फाटक्या कोपऱ्यातून पांढरी चिकटपट्टी दिसत होती. ती तिला दारातून दिसली. मला हातात असून दिसली नाही.

समोसे घेऊन आलेले इस्माइलभाई कानाशी पुटपुटले, “साहेब, वहिनी काय बोलतायत ते ऐका जरा.”

मी सुरी चालवली, मधलं पान उघडलं आणि खणखणीत आवाजात इंग्रजी वाचायला लागलो. (मराठी केलंय ते आता मी.)

“पुरुष, वय बेचाळीस. सतत बोलतो. ऐकण्याची क्षमता नाही.”

पाहुण्यांत कौतुकाची कुजबुज झाली. पहिल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल असावं असं त्यांना वाटलं. मलाही.

“शत्रू दारात असताना पीठ शिजवत बसला. कारण विचारल्यास भाषण करतो.”

“युद्धनीती,” एक टकले गृहस्थ हळूच म्हणाले.

“भूक उत्तम. काम शून्य. उपचार : दुर्लक्ष.”

वॉल्टरने डोळे पुसले. “किती माणसासारखे होते आपले लोक,” तो म्हणाला.

“आज पाच तास रांगेत उभा राहून माझ्यासाठी दोन खुबूस आणले. एक वाटेत खाल्ला.”

टकल्या गृहस्थांनी विचारलं, “खुबूस? त्या काळी?”

मी अक्षर ओळखलं. ही वही उलट्या बाजूने उघडली होती. पुढून अतिदक्षता विभाग होता. मागून, त्या महिन्यांतली तारीखवार, नर्सच्या पद्धतीने लिहिलेली, माझी केस होती.

सुनंदा आली, वही माझ्या हातातून काढून छातीशी धरली आणि नऊ महिन्यांनी पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. मग केकच्याच सुरीने वॉल्टरने उरलेले बाराही भाग सोलले. चार अमेरिकेचे, आठ आमचे. वडिलांच्या सहीचं नव्हतं.

“माझं पुस्तक कुठे आहे?”

“बसऱ्याला,” मी म्हणालो.

“माझ्या वडिलांचं पुस्तक तुम्ही इराकी सैनिकाला दिलंत?”

“बिर्यानीसाठी,” मी म्हणालो. खरं तेच सांगितलं. त्यावर त्या सभ्य माणसाने काय काय सांगितलं ते अमेरिकेच्या कुठल्याही इतिहासात छापता येणार नाही. केक मला मिळाला नाही. वॉल्टर कुवेत सोडेपर्यंत जिन्यात भिंतीकडे तोंड करून उतरायचा.

घरी येऊन सुनंदा खाटेवर बसली. एकेक पान उलटून तिने नोट्स पाहिल्या. सगळ्या होत्या, खळीचे दोन डाग सोडून. मग वही पालथी केली, पेनचं टोपण काढलं आणि तारीख टाकून काहीतरी लिहिलं.

मला धीर आला. म्हटलं, “बघ, वही मीच वाचवली शेवटी. आता तरी माझ्याबद्दल बरं लिही. काय लिहिलंस?”

तिने टोपण लावलं.

“फरक नाही.”