दोन मिनिटं चाळीस सेकंद

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या कार कारखान्यात माझं काम म्हणजे गाडीतले नको ते आवाज शोधायचे. सीट कुठे कुरकुरते, डॅशबोर्ड कुठे करकरतो, दार लावताना आत काय खडखडतं. कान टवकारून बसायचा पगार मिळतो मला. आणि महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी गावातल्या हौशी लोकांनीच चालवलेल्या छोट्याशा रेडिओवर तासभर जुनी अमेरिकन कंट्री गाणी लावून मी नको ते आवाज वाढवतो. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे. ती जर्मन आहे, तिचे विनोद कमी असतात पण वर्मी बसतात.

माझ्या कार्यक्रमाला दर वेळी एक विषय असतो. आगगाडीची गाणी, तुरुंगाची गाणी, ट्रकवाल्यांची, कुत्र्यांची, सोडून गेलेल्या बायकांची. विषय निवडण्यात मी आठवडा घालवतो आणि त्याचा मला भलताच अभिमान आहे. घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसलोय, माथेरानला, तेही घोडेवाल्याने लगाम धरलेला असताना. तुरुंग तर बाहेरूनसुद्धा पाहिलेला नाही. पण मायक्रोफोन समोर आला की माझ्या अंगात येतं. आवाज दोन पट्ट्या खाली जातो आणि जन्मभर गुरं हाकल्याचा आव आणून मी नाशिकच्या वळणाच्या जर्मनमध्ये बोलायला लागतो. मुलगी नुसतं "पापा, बिटे!" म्हणजे 'बाबा, प्लीज!' म्हणते आणि आपल्या खोलीचं दार लावून घेते.

हे वेड लावलं सासऱ्यांनी. ते आमच्याच कारखान्यात फोरमन होते. आठवडाभर शिस्तीत काम करायचे आणि रविवारी हॅट, बूट आणि पट्ट्याला बशीएवढं बक्कल लावून कंट्री नाचाच्या क्लबात जायचे. सासूबाईही जायच्या. क्लबचा दर उन्हाळ्यात एक मेळावा असतो आणि त्यातलं शेवटचं गाणं ठरलेलं, वॉल्ट्झच्या ठेक्यातलं एक संथ, जुनं गाणं. त्यावर फक्त हे दोघे नाचायचे, बाकीचे कडेला उभे राहून बघायचे. सासूबाई गेल्याला दोन वर्षं झाली. दोन्ही वर्षं सासरे मेळाव्यात केकच्या टेबलामागे उभे होते, आणि ते गाणं लागलं की कप धुवायला आत निघून गेले.

यंदा एका रविवारी कॉफी पिताना ते म्हणाले, "आल्झो, हे बघ, ऑगस्टमध्ये गुडघा बदलायचाय. नवा गुडघा नाचेल की नाही कोण जाणे. त्याआधी एकदा त्या गाण्यावर नाचायचंय, माझ्या मुलीबरोबर, म्हणजे तुझ्या बायकोबरोबर. आणि गाणं तू म्हणायचंस."

मी! गेली बावीस वर्षं मी या माणसाला जर्मन रिवाजाप्रमाणे 'डू' म्हणजे 'अरे-तुरे' करतोय आणि दर वेळी मनातल्या मनात जीभ चावतोय. त्यांनी आपण होऊन माझ्याकडे काही मागायची ही पहिलीच वेळ. मी असा हुरळलो की कॉफीत मीठ घातलं असतं तरी कळलं नसतं.

"एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "रेकॉर्डवर ते गाणं दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. मी रोज स्वयंपाकघरात घड्याळ लावून सराव करतोय. तेवढा वेळ गुडघा साथ देतो, पुढे नाही. आणि गाणं चालू असताना मी फ्लोअर सोडत नाही. कधीच सोडलेला नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. ऐकलं होतं का मी? ऐकलं होतं, अगदी नीट. कान माझे पगारी आहेत. पण कानातून पुढे डोक्यात जायचा रस्ता आमच्या घराण्यात पहिल्यापासून जरा अरुंदच आहे.

आता माझं पाप सांगतो. लहानपणी मी सुगम संगीताच्या क्लासला होतो. तिथे शिकवलं होतं की मुखडा एकदा म्हणून सोडणारा तो गायकच नव्हे. ओळ परत घ्यायची, तिसऱ्यांदा वेगळी वळवायची, मध्येच एखादी जागा घ्यायची आणि ऐकणाऱ्याची मान डोलेपर्यंत सोडायची नाही. कंट्री गाण्यात असलं काही करत नाहीत. तिथे माणूस येतो, आपलं दुःख सरळ सांगतो आणि जातो. हे मी स्वतः रेडिओवर लोकांना समजावून सांगितलं आहे, शहाण्यासारखं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी हॉल भरला होता. माझी हॅट एक नंबर मोठी होती, त्यामुळे मान ताठ ठेवावी लागत होती, आणि लोकांना तो आत्मविश्वास वाटला असावा. साथीला गिटार, बास आणि ड्रम वाजवणारे तिघे निवृत्त गृहस्थ. सासऱ्यांनी पांढरा शर्ट घातला होता. त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला, दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि मला मानेने खूण केली. मी सुरू केलं.

पहिलं मिनिट, खरंच सांगतो, छान गेलं. ते असे ताठ आणि हलके नाचत होते की मीच रंगात आलो. तिथेच घात झाला. मुखड्याच्या शेवटच्या शब्दावर मला एक जागा दिसली आणि मी ती घेतली. समोरच्या बाकावरच्या एक आजी "ओ!" म्हणाल्या. झालं! मी ओळ परत घेतली. साथीदार सज्जन माणसं, गायक जाईल तिकडे मुकाट्याने माझ्या मागून आले. मी ओळ तिसऱ्यांदा घेतली. वळताना बायको माझ्याकडे बघून या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत मान हलवत होती. सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, जिंकलं आज! बायको दाद देतेय, सासरे विरघळलेत. मी डोळे मिटले आणि पुन्हा वर गेलो. शेवटी तर, देवा, मी तिहाई घेतली. टेक्सासच्या गाण्यात तिहाई.

डोळे उघडले तेव्हा टाळ्या वाजत नव्हत्या. सासरे फ्लोअरच्या मधोमध एका पायावर उभे होते, चेहरा पांढराफटक, आणि बायकोने त्यांना दोन्ही हातांनी धरलं होतं. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी थंड पेयांच्या खोक्यातला बर्फ आणला. ड्रमवाल्याने घड्याळ बघून मला हळूच सांगितलं, "चार मिनिटं वीस." शरमेने मी अर्धा झालो. हॅट काढून हातात घेतली तर ती कुठे ठेवावी तेही सुचेना.

सासरे म्हणाले, "मी सांगितलेलं ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं."

"गुट, ठीक," म्हणाले, आणि गुडघ्यावरचा बर्फ सारखा करायला लागले.

गाडीत बायको भडकली. "त्यांनी तुझ्याकडे काय मागितलं होतं? वेळेवर थांब. एवढंच! मी नको नको म्हणून मान हलवत होते, दिसत नव्हतं?"

"मला वाटलं दाद देतेस."

"बावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला!" ती ओरडली. बावीस वर्षांत मला तिच्या मानेची भाषा कळली नव्हती, हे खरंच होतं.

पुढचे तीन आठवडे सासरे कुबड्या घेऊन चालले. मी त्यांना रोज डॉक्टरकडे, व्यायामाला नेत होतो आणि ते दर वेळी नीट "आभारी आहे" म्हणत होते. चिडले असते तर बरं झालं असतं. त्या माणसाची शेवटची एक हौस होती, ती मी वाहवा मिळवायच्या नादात मोडली, हे मला रात्रंदिवस टोचत होतं.

त्या महिन्याच्या कार्यक्रमाला मी विषय घेतला, माफीची गाणी. कंट्रीत ती ढिगाने आहेत, बहुतेक दारुड्यांची. मी शुद्धीत असूनही माझा नंबर त्यांच्यातच लागत होता. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा मी नेहमीचा खालच्या पट्टीतला आवाज सोडून दिला आणि माझ्या साध्या आवाजात सांगितलं की, आपल्या गावातल्या एका गायकाने स्वतःच्या कौतुकासाठी एका माणसाचा नाच खराब केला, आणि त्याला माफी कशी मागतात ते माहीत नाही.

स्टुडिओतल्या फोनचा दिवा लागला. मी तो कार्यक्रमातच घेतला. पलीकडे सासरे होते.

"तिथे गिटार आहे?"

"आहे."

"मग ते गाणं म्हण."

मी घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपवतो. नक्की."

"नाइन, तसं नको," ते म्हणाले. "त्या दिवशी म्हटलंस तसं म्हण, सगळं. त्या दिवशी सगळं लक्ष पायाकडे गेलं, तिची आठवण काढायला सवडच मिळाली नाही. आज मी बसलोय."