गेटपाशी तीनदा

गाडीखाली शिरताना काका चपला बाहेर काढून ठेवायचे. देवळाबाहेर ठेवतात तशा, जोडीनं, पार्किंगच्या खांबाला टेकवून. मग खालून आवाज यायचा, "ताई, तुमचा पाय मोकळा आहे का?"

पाय म्हणजे माझा उजवा पाय. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात, हे ज्ञान मला म्हसरूळच्या या सोसायटीत राहायला आल्यावर मिळालं. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी बसून बारकासा निपल सैल करायचा, हवा जाऊ द्यायची आणि पुन्हा आवळायचा. काका ओरडायचे, "दाबा... धरा... अहो धरा म्हणतोय ना... हां, सोडा!" दिवसभर कॉलेजच्या ऑफिसात लोकांची बोलणी खाऊन आलेली मी घरची भाजी चिरायची टाकून इथं ब्रेक दाबत बसायची. चिडचिड व्हायची, खोटं कशाला सांगू? पण त्या माणसाला नाही म्हणणं काही जमायचं नाही.

सारखं काहीतरी खोलून बसणारा एक माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. पण त्याच्याकडे मिक्सर असेल, फार तर स्कूटर. आमच्या काकांकडे स्पोर्ट्स कार होती. लालभडक, दोन सीटची, बिनछपराची आणि इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं वाटायचं. ती बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे सुटे भाग मिळायची बोंब. काकांचं आयुष्य सातपूरच्या एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करण्यात गेलेलं, त्यामुळे त्यांना त्याची फिकीर नव्हती. इंडिकेटर रिक्षाचा, वायपर शाळेच्या व्हॅनचा. आरसा कशाचा होता ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

गाडी गॅरेजला टाका, असं कुणी म्हटलं की ते दुखावले जायचे. "छे छे. आपल्या हातानं केलं की रात्री झोप लागते," हे ठरलेलं उत्तर. दिवसातून दोनदा तरी ऐकायला मिळायचं.

आता गंमत ऐका. ही गाडी काका चालवायचे नाहीत, काकू चालवायच्या. काका स्टिअरिंगवर बसले की त्यांचा एक कान इंजिनात अडकायचा. एकदा कसलीशी टकटक ऐकता ऐकता त्यांनी गाडी सरळ दुभाजकावर चढवली. तेव्हापासून किल्ली काकूंच्या पर्समध्ये गेली ती गेली. काकू सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. कमी बोलणाऱ्या, पण डोक्याला रुमाल बांधून त्या गाडीत बसल्या की कॉलेजची पोरंसुद्धा वळून बघायची. "झालं काम?" एवढंच त्या विचारायच्या. काका "झालं" म्हणाले की निघायच्या. ब्रेक दाबायला मात्र त्यांना बसवायची सोय नव्हती. एकदा बसवलं होतं, त्या "धरा म्हणतोय ना"वरून दोन दिवस घरात अबोला होता. म्हणून माझा पाय.

गेटपाशी पोचल्या की त्या गाडी थांबवायच्या आणि मागचे लाल दिवे तीनदा लागायचे. लाग, विझ, लाग, विझ, लाग, विझ. इकडे खांबापाशी उभे राहून काका हात हलवायचे. रोजचं ते. आम्ही सगळ्या बाल्कनीतून बघायचो. माझा नवरा मला जिन्यापर्यंतसुद्धा सोडायला येत नाही, तेव्हा माझं काय होत असेल ते तुम्हीच समजून घ्या.

गेल्या द्राक्षछाटणीच्या दिवसांतली गोष्ट. काकूंना बहिणीकडे दिंडोरीला जायचं होतं. काकांनी सकाळी पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या नळ्या बदलल्या, माझ्या पायानं हवा काढली, ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. "झालं काम?" "झालं." काकू निघाल्या. गेटपाशी दिवे तीनदा लागले, मग आणखी दोनदा लागले. काकांनी हात जरा उंच केला. "आज काय, फारच प्रेम उतू चाललंय," ते लाजून म्हणाले. काकू वळून दिसेनाशा झाल्या.

पाऊण तासानं मी ऑफिसला निघाले होते. काका पसारा आवरत होते, तो आवाज एकदम थांबला. बघते तर बिस्किटाच्या डब्याचं झाकण हातात घेऊन उभे. झाकणात एक तांब्याचा वॉशर, नवाकोरा, चकचकीत.

"हा आत बसायला हवा होता," ते म्हणाले. "नळीच्या जोडाला दोन्ही बाजूंनी लागतो. एका बाजूला राहिला."

"मग काय होतं?"

ते गाडी उभी असायची तिथे खाली वाकले. पुढचं डावं चाक जिथे असतं तिथे फरशीवर ओलं होतं. बोट लावून वास घेतला. "ब्रेक ऑइल. थेंब थेंब जाईल. आणि मग ब्रेक लागणार नाही."

मी काकूंना फोन लावला, उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा काकूंचाच नियम. पुन्हा लावला. मग मी रजा-बिजा काही न कळवता स्कूटर काढली आणि म्हटलं, "बसा मागे."

दिंडोरी रस्त्यावर मी इतकी जोरात कधी गेले नसेन. काका एरवी माझ्या स्कूटरला नावं ठेवणारे. ही वाजते, ती वाजते, चेन नाही तरी चेनचा आवाज येतो म्हणणारे. त्या दिवशी अवाक्षर नाही. फक्त माझ्या खांद्यावरची त्यांची बोटं रुतत होती. रस्त्याकडेला कुठे चार माणसं उभी दिसली की आम्ही दोघंही श्वास धरायचो. रामशेजचा किल्ला डाव्या अंगाला दिसायला लागला तिथे एका ठिकाणी चांगलीच गर्दी होती. मी स्कूटर हळू केली. पेरू विकायला बसलेला होता कुणी.

तिथून पुढे काका पहिल्यांदा बोलले. "तिनं कधी विचारलं नाही हो. मी झालं म्हटलं की किल्ली घ्यायची. एवढा विश्वास!" त्यांचा आवाज फाटला होता.  "येईल हो काका, दिसेल आत्ता," असं काहीतरी मी बडबडत राहिले आणि माझेच डोळे भरून आले.

बहिणीच्या मळ्यात शिरलो. अंगणात ट्रॅक्टर, औषध फवारायचा पंप, छाटलेल्या काड्यांचा ढीग. लाल गाडी नाही. काका स्कूटरवरून उतरलेच नाहीत. "गाडी नाही," एवढंच म्हणाले.

इतक्यात घरातून बहीण आली. "या दाजी! असं अचानक? लय घामाघूम झालात. बसा, पाणी आणते." आणि मागे वळून ओरडली, "ताई, दाजी आलेत बघ!"

हातातली भाकरी घेऊनच काकू बाहेर आल्या. अख्ख्या, धडधाकट, रुमाल सोडलेल्या. माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच बाजेवर बसले.

"अहो, तुम्ही? आणि हिला कशाला दामटलंत?"

काकांनी मूठ उघडली. वॉशर त्यांनी सगळा रस्ता मुठीत धरून आणला होता. तळहातावर गोल वळ उठला होता. काकूंनी तो बघितला. "हां. म्हणजे हा राहिला होय. तरीच."

"गाडी कुठंय?"

"आपल्या कोपऱ्यावर, पिठाच्या गिरणीमागे. मी वणीला जाणाऱ्या एसटीनं आले, त्या खडखडाटात पर्समधला फोन ऐकूच आला नाही."

म्हणजे आम्ही निघाल्या निघाल्या गाडीला मागे टाकून जीव मुठीत धरून पळत सुटलो होतो. मला हसावं की रडावं कळेना.

"फोन करायचास ना," काका म्हणाले.

"कशाला? तुम्हाला रात्री झोप लागली नसती. म्हटलं, उद्या सांगेन, ब्रेक जरा नरम वाटतोय म्हणून. तुमचं तुम्हालाच सापडलं असतं."

"पण तुला कळलं कसं?"

"गेटपाशी ब्रेक तीनदा दाबून बघितला. तिसऱ्यांदा खाली गेला. आणखी दोनदा दाबला तर जास्तच. म्हटलं, नको बाई."

काकांनी मग अगदी हळू विचारलं, "तीनदा? म्हणजे ते... ते तू मला टाटा नाही करत?"

बहिणीनं तोंडाला पदर लावला. काकू भाकरीकडे बघत होत्या. "तुम्ही गाडीला हात लावलात की मी गेटपाशी बघूनच पुढे जाते. पहिल्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही हात हलवायला लागलात. मग काम केलेलं नसलं तरी मी दाबायला लागले."

काका रडले. आडपडदा न ठेवता, सगळ्यांसमोर, खांद्यावरच्या तेलकट फडक्यात तोंड खुपसून. काकूंनी अर्धी भाकरी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आधी खा."

आम्ही जेवलो. वांग्याचं भरीत, ठेचा, भाकरी. इतकं गोड जेवण मी लग्नाच्या पंगतीतही जेवलेले नाही. निघायच्या वेळी काकूंनी माझी स्कूटर घेतली आणि काकांना मागे बसवलं. मला बहिणीच्या मुलानं मोटारसायकलवर सोडलं. मळ्यातून बाहेर पडता पडता काकांचा आवाज ऐकू आला, "ताई, तुमच्या मागच्या चाकात काहीतरी वाजतंय हां!" तेव्हा कुठे मला खात्री पटली की सगळं ठीक आहे.

त्यानंतर माझा पाय मोकळा झाला. ब्रेक दाबायला काकूच बसायला लागल्या. "जिला चालवायची तिनंच बघावं," असं त्या म्हणाल्या. "धरा म्हणतोय ना"चं "धर गं जरा" झालं, आणि अबोला काही झाला नाही.

या उन्हाळ्यात ते दोघं कायमचे दिंडोरीला गेले. मळ्यातली ट्रॅक्टरची जुनी शेड बहिणीनं काकांना देऊन टाकली, आणखी काय हवं होतं त्यांना? खांबापाशी आता कुणाची तरी पांढरी गाडी लागते. कंपनीच्या गॅरेजात जाते, येते. मी संध्याकाळी घरी येते आणि सरळ भाजी चिरायला बसते. कुणी हाक मारत नाही.

गेले त्या सकाळी मी बाल्कनीत उभी होते. काकू स्टिअरिंगवर, शेजारी काका, मागे पान्यांची पेटी कशीबशी कोंबलेली. गाडी गेटपाशी थांबली. लाल दिवे तीनदा लागले. आणि शेजारीच बसलेल्या काकांनी, सवयीनं, हात वर करून हलवला.