फ्रिगने न मागितलेली शपथ

आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. शाळेच्या वाचनालयातून त्याने उत्तर युरोपातल्या जुन्या देवांचं चित्रपुस्तक आणलं होतं. ते तो जपानीत वाचायचा आणि आईला मराठीत सांगायचा.

फ्रिग ही देवांची राणी. तिच्या मुलाला स्वतःच्या मृत्यूची स्वप्नं पडू लागली, तेव्हा तिने आग, लोखंड, दगड, रोग अशा सगळ्यांकडून शपथ घेतली: याला इजा करणार नाही. एक कोवळं बांडगूळ तेवढं तिने सोडलं. एवढंसं ते काय करणार! तिचा मुलगा त्याच बांडगुळाने मेला.

"बावळटच होती," आमचा मुलगा म्हणाला. बायको हसली नाही.

त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. कण जरी पोटात गेला तरी श्वास कोंडायचा. जपानमध्ये, फुनाबोरीत राहायला आल्यापासून बायकोने शिक्षिका, शाळेचं स्वयंपाकघर, शेजारी, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मराठी घरांत दाण्याचं कूट मिठासारखं पडतं, म्हणून तिथे ती प्रत्येक बाईकडून शब्द घ्यायची. बायका पाठीमागे तिची नक्कल करत.

एका रविवारी दुपारी तिच्या मैत्रिणीकडे जेवण होतं. मैत्रिणीच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. बायको त्यांच्याशी बोलायला उठली. मी तिचा हात धरला.

"वडीलधाऱ्या बाईंकडून कसलं वचन घेतेस? बरं दिसत नाही. सुनेने सांगितलं असेल."

ती बसली.

काकडीची कोशिंबीर त्या आजींनी स्वतः वाढली. मुलाने दोन घास खाल्ले. ओठ सुजले. श्वास घेता येत नाही, असं तो जपानीत म्हणाला. बायकोने पर्समधलं अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन त्याच्या मांडीत टोचलं. अ‍ॅम्ब्युलन्स सात मिनिटांत आली.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये तो धोक्याबाहेर होता. आजींचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

"बरा आहे ना आता? मग झालं तर. सुनेने सांगितलं होतं गं मला. मुद्दाम चिमूटभरच कूट घातलं, सवय व्हावी म्हणून. आमची पाच पोरं दाण्यांवर वाढली."

"मी समोर येऊन विचारलं असतं तर, आजी?"

"तोंडावर विचारलं असतंस तर नसतं घातलं बाई. खोटं बोलायची सवय नाही मला."

बायकोने फोन ठेवला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू घरी जा. इथे एकालाच थांबू देतात."

असा नियम खरंच आहे का, ते मी विचारलं नाही. घरी गेलो.