डाव्या पायातलं जाडं घुंगरू

माझा राग नाकावर असतो, हे सगळ्या कोरेगावला माहीत आहे. माझ्या भरतनाट्यमच्या क्लासात मुली चुकीच्या तालापेक्षा माझ्या आवाजाला जास्त घाबरतात. पण त्या रागाची मला खरोखर लाज वाटली ती एकदाच, रहिमतपूरच्या मौलाचाचांमुळे.

मौलाचाचा बैलांचा साज करतात. गोंडे, तोंडाला बांधायच्या म्होरक्या, घुंगरमाळा. हल्ली गिऱ्हाईक म्हणजे शर्यतीवालेच, तरी चाचांचं दुकान सकाळी आठला उघडतंच. सत्तरी ओलांडलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि बोलताना सुई तोंडात. "चाचा, गिळाल एक दिवस," म्हटलं की म्हणतात, "आवं ताई, पन्नास वर्सं झाली. अजून एक बी गिळली न्हाई."

यंदाच्या कार्यक्रमासाठी सहा मुलींचे घुंगरू मी त्यांनाच सांगितले. चामडी पट्ट्यावर घुंगरू शिवावे तर त्यांनीच. नाच गोवर्धनाचा होता. अंकिता कृष्ण, बाकी पाचजणी गोप. त्यातलीच एक प्रांजल.

या प्रांजलला नऊ वर्षं क्लासला आणलं ते तिच्या आजोबांनी, कोंडीबांनी. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आता तीच त्यांना हाताला धरून आणते आणि ते बाहेर पायरीवर बसून राहतात. पण कार्यक्रमाला यायचं म्हटल्यावर हटून बसले. "बारा पाय संगट वाजत्यात, ताई. त्यात आमची कंची, मला कसं कळायचं? पोरगी नाचणार आन् मी नुसता बसणार. त्यापरास घरीच बरा." प्रांजल तेव्हापासून तोंड पाडून होती. तिला बक्षीस नको होतं, फोटो नको होते. आजोबांना तिचा नाच कळावा, एवढंच तिला हवं होतं.

कार्यक्रमाला चार दिवस असताना घुंगरू आले. मुलींनी बांधले, पहिला पाय मारला आणि मी कपाळाला हात लावला. प्रत्येकीच्या डाव्या पायात एक जाडं घुंगरू, आणि सहाही वेगवेगळ्या आवाजांची! क्लास आहे की बैलबाजार? सगळे पट्टे पिशवीत कोंबले, जवळ उभ्या प्रांजलला गाडीवर मागं बसवलं आणि तडक रहिमतपूर गाठलं.

"चाचा, पोरी आहेत त्या! खिलारी बैल नव्हेत!"

चाचांनी तोंडातली सुई काढली. "आवं, एक येगळं घालायचंच की. आमची रीतच हाय. न्हाईतर धन्याला लांबनं आपला बैल कसा वळखायचा?"

"नाचात बारा पाय एकसारखे वाजावे लागतात."

"व्हय? मग चुकलंच म्हणायचं." आणि मुकाट्यानं टाके उसवायला बसले. मी शेवटचं घुंगरू निघेपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभी. तेवढ्यात प्रांजल हळूच म्हणाली, "ताई, माझं राहू दे ना. आजोबांना मी कळेन."

"अजिबात नाही!" सांगलीहून माझ्या गुरू येणार होत्या. त्यांच्यापुढं एक पाय बेसूर? चाचांनी तिला जवळ बोलावून सगळं विचारून घेतलं. "कोंडीबाची व्हय तू? त्येच्या म्होरक्या मेंढ्याची घंटी मीच बांधायचो." एवढंच म्हणाले आणि तिचं घुंगरू खिशात टाकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रांजल सकाळपासून जेवेना, म्हणून कोंडीबा आले. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. तिसऱ्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसलेले आणि तोंड बाजूच्या भिंतीकडं. स्टेज कुठं आहे, हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षं पोरीला नाचायला आणणारा माणूस भिंतीकडं बघतोय, आणि मी सूर सांभाळत बसलेय! शेजारी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मौलाचाचा नुकतेच येऊन टेकले होते. मी त्यांना खुणेनं आत बोलावलं.

"चाचा, प्रांजलचं ते घुंगरू..."

"आणलंय की," चाचा म्हणाले. सुई तोंडातच होती. चार टाके घातले आणि जागेवर जाऊन बसले.

पडदा उघडला. प्रांजल डावीकडून आली आणि ते जाडं घुंगरू वाजलं. कोंडीबांची हनुवटी काठीवरून उचलली गेली. प्रांजल उजवीकडं गेली, त्यांचं तोंड उजवीकडं. तिनं गिरकी घेतली, त्यांची मान तिच्यामागं. कृष्णानं करंगळीवर डोंगर उचलला, सगळे गोप त्याखाली स्तब्ध उभे राहिले. कोंडीबांनी चाचांचा गुडघा घट्ट धरला. "थांबली का रं?" मग प्रांजलनं डावा पाय आपटला आणि हा माणूस भरल्या हॉलमध्ये हसून ओरडला, "ही! ही आमची!" चाचा त्यांना गप्प करत होते आणि स्वतःच डोळे पुसत होते.

कार्यक्रम संपल्यावर गुरूंनी मला बाजूला घेतलं. "त्या मुलीचं एक घुंगरू वेगळं वाजत होतं. तुझ्या लक्षात आलं नाही?"

"आलं," मी म्हटलं. "ते तिच्या आजोबांच्या ओळखीचं आहे."