न बोलावता आत

बायकोचं येणं मी माझ्याच हातानं तीन महिने लांबवलं.

जालन्याहून निघालो तेव्हा गाडी पुरती थांबायच्या आत मी बॅग घेऊन दाराला लोंबकळलो होतो. सोडायला आलेले वडील, अण्णा, खालून एवढंच म्हणाले, "दम धर रे." पण मी जालन्यातल्या मस्तगडात वाढलेला. आमच्याकडं दोन डोक्यांवरून हात पुढं घातल्याशिवाय दुकानात साखर मिळत नाही, अन् कचेरीत 'साहेब, दोनच मिनिटं' म्हणत घुसणाऱ्याचं काम आधी होतं. याला मी हुशारी समजत होतो.

जर्मनीत एका कारखान्यात फिटर झालो. वर्षभरानं सविताला आणायच्या परवानगीचे कागद घेऊन तिथल्या कचेरीत गेलो. बाहेर खुर्च्या, भिंतीवर नंबराचा पडदा, माझ्या आधी फक्त चार जण. पण दार अर्धवट उघडं दिसलं. आत शिरलो, समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावरून फाइल टेबलावर ठेवली आणि गोड हसलो. टेबलामागच्या अधिकारी बाईंनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. नंबर रद्द. पुढची मोकळी तारीख तीन महिन्यांनंतरची.

तिकडं सविताची बॅग भरून तयार. फोनवर मी कचेरीला यथेच्छ नावं ठेवली. तिनं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, "खरं सांगा, मधी घुसले का न्हाई?"

मंग ठरवलं, आता हे शिकायचंच. बेकरीत मुद्दाम लांब रांग धरली. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबलो. पहिले आठ दिवस पाय आपोआप पुढं जायचे, मी त्यांना मागं आणायचो. एकदा तर हिरवा झाल्यावरही उभाच राहिलो. मागची आजी खेकसली. ठरल्या तारखेला पडद्यावर माझा नंबर आला, तो मी दोनदा वाचला, दार वाजवलं, 'या' ऐकू आल्यावरच आत गेलो. काम पंधरा मिनिटांत झालं.

सविता आली. जुन्या जालन्यातला गलका फोनवर ऐकला की अजून जीव तिकडं ओढतो. पण घर कुठं विचाराल, तर ज्याच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदा जागेवर बसून राहिलो, ते घर.

परवा अण्णांना हेच जरा ऐटीत सांगत होतो, की माणूस बदलतो, आता माझ्यात बिलकुल घाई उरली नाही. सवितानं माझ्या हातातून फोन घेतला.

"अण्णा, हे सुधारले-बिधारले काही न्हाई. त्या कचेरीतल्या बाईला भिऊन राह्यले."